मोकळ्या मैदानात डिस्क गोल्फचा सराव: डिस्क उडताना जे सांगते ते वाचायचं कसं

डिस्क गोल्फ नव्याने खेळणाऱ्या बहुतेकांची एकच तक्रार असते, डिस्क सरळ जातच नाही. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून फेकली की आधी वर चढते, मग हवेत अडकते आणि डावीकडे खाली येऊन आपटते, कितीही जोर लावा, तेच. मग माणूस अजून वेगवान डिस्क घेतो, ती तर अजूनच लवकर डावीकडे पडते, मग वाटतं आपल्या हातात ताकदच नाही. खरं कारण बहुतेक वेळा ताकद नसतंच, आणि ते कारण कोर्सवर खेळताना सापडणं फार अवघड आहे, कारण तिथे प्रत्येक थ्रो वेगळा असतो, कधी झाडं, कधी उतार, कधी बास्केट जवळ, कधी लांब, आणि एकदा फेकली की तो थ्रो संपला. मोकळ्या मैदानात मात्र तीच डिस्क त्याच दिशेने पुन्हा पुन्हा फेकता येते, मध्ये काही येत नाही, आणि डिस्क हातातून सुटल्यापासून जमिनीवर पडेपर्यंत पूर्ण दिसते. ते पूर्ण दिसणं हाच मैदानाचा खरा फायदा आहे असं माझं ठाम मत आहे. डिस्क उडताना प्रत्येक वेळी सांगत असते की हातातून सुटताना काय झालं, फक्त ते वाचता आलं पाहिजे.

ज्यांनी खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोल्फचेच नियम, पण चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी डिस्क आणि भोकाऐवजी साखळ्या लावलेली बास्केट, आणि कमीत कमी थ्रोमध्ये डिस्क बास्केटमध्ये टाकायची. एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स उभा केला आणि १९७६ मध्ये पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना सुरू केली, आज जगभरातले नियम तीच ठरवते. सुरुवातीला लोक साध्या, गोलसर जाड कडेच्या डिस्कच फेकायचे. १९८३ मध्ये डेव्ह डनिपेस यांनी कड तिरकी आणि धारदार केलेली डिस्क आणली आणि तिथून सगळं बदललं, कारण तशी डिस्क हवेला कमी अडते आणि खूप लांब जाते, पण त्याचबरोबर ती कोनाच्या बाबतीत फार हळवी झाली. जुनी जाड डिस्क थोडी वाकडी सुटली तरी सांभाळून घ्यायची, धारदार डिस्क घेत नाही, दोन-चार अंशांचा फरक ती शेवटी वीस मीटरचा करून दाखवते. म्हणूनच हा सराव लागतो.

आता डिस्क उडते कशी ते बघू, कारण हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. डिस्क पुढे जाते तेव्हा हवा तिला वर उचलते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हवेचा तो जोर नेमका डिस्कच्या मध्यावर लागत नाही, कधी मध्याच्या थोडा मागे लागतो तर कधी थोडा पुढे. डिस्क वेगात असते आणि आपल्या मार्गाला अगदी सपाट असते तेव्हा तो जोर मध्याच्या मागे असतो, म्हणजे मागची बाजू उचलली जाते. डिस्कचा वेग कमी झाला आणि ती खाली बसायला लागली की खालून येणारी हवा जास्त कोनात लागते आणि तोच जोर पुढे सरकतो, मग पुढची बाजू उचलली जाते.

डिस्क फिरत नसती तर ती पुढे किंवा मागे कोलांटी खाऊन पडली असती. पण ती फिरते, आणि फिरणाऱ्या वस्तूला ढकललं की ती ढकललं तिथे न हलता पाव फेरी पुढे हलते. भोवरा जमिनीवर फिरताना बोटाने हलकेच टोचा, तो तुमच्या बोटापासून सरळ लांब न झुकता भलत्याच बाजूला झुकतो, तेच इथे होतं. उजव्या हाताच्या बॅकहँडला डिस्क वरून बघितली तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. म्हणजे मागची बाजू उचलली गेली की परिणाम पाव फेरी पुढे, डाव्या कडेला दिसतो, डावी कड वर जाते आणि डिस्क उजवीकडे कलते. याला टर्न म्हणतात आणि तो थ्रोच्या सुरुवातीला, वेग जास्त असताना होतो. पुढची बाजू उचलली गेली की परिणाम उजव्या कडेला, उजवी कड वर, डिस्क डावीकडे कलते, आणि तो शेवटी, वेग संपताना होतो. त्याला फेड म्हणतात. डावखुऱ्या लोकांनी आणि उजव्या हाताने फोरहँड, म्हणजे तळहात वर ठेवून उजव्या बाजूनेच फेकणाऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचायचं, बाकी सगळं तसंच. पुढे मी उजव्या हाताचा बॅकहँड धरूनच लिहितोय.

डिस्कवर जे चार आकडे छापलेले असतात ते याच गोष्टी सांगतात. पहिला स्पीड, १ पासून १४-१५ पर्यंत, दुसरा ग्लाइड म्हणजे हवेत तरंगण्याची क्षमता, १ ते ७, तिसरा टर्न, साधारण +१ ते -५, चौथा फेड, ० ते ५. इनोव्हा कंपनीची अॅव्हिएर नावाची पटर, म्हणजे बास्केटजवळ वापरायची डिस्क, २, ३, ०, १ आहे, डिस्कक्राफ्टची बझ नावाची मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराची डिस्क, ५, ४, -१, १ आहे, आणि इनोव्हाची डिस्ट्रॉयर नावाची ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, १२, ५, -१, ३. इथे सगळ्यात जास्त गैरसमज स्पीडचा होतो. स्पीड १२ याचा अर्थ डिस्क आपोआप वेगात जाईल असा नाही, तर तिला छापल्याप्रमाणे उडवायची असेल तर हातातून तेवढा वेग द्यावा लागेल असा आहे. तेवढा वेग नाही मिळाला तर तिच्या दृष्टीने ती पहिल्या क्षणापासून हळूच उडतेय, म्हणजे टर्नचा भाग येतच नाही आणि थेट फेड सुरू होतो. नवीन माणसाच्या हातात वेगवान ड्रायव्हर का डावीकडे पडतो त्याचं हे अर्धं उत्तर.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे नोज अँगल, आणि मला वाटतं या खेळातली सगळ्यात कमी समजलेली गोष्ट हीच आहे. नोज म्हणजे डिस्कची पुढची कड. ती वर उचललेली असेल तर नोज अप, खाली असेल तर नोज डाऊन. पण वर किंवा खाली कशाच्या तुलनेत? बरेच लोक जमिनीच्या तुलनेत बघतात आणि तिथेच चुकतं, कारण हवेला जमीन कुठे आहे ते माहीत नसतं, डिस्क ज्या मार्गाने जातेय त्या मार्गाच्या तुलनेत कड कुठे आहे एवढंच मोजायचं. डिस्क १० अंश वरच्या दिशेने फेकली आणि तिची पुढची कड पण १० अंशच वर आहे, तर ती आपल्या मार्गाला सपाट आहे, नोज अँगल शून्य, उत्तम. पण डिस्क जमिनीला समांतर निघाली आणि कड मात्र १० अंश वर, तर ती पोट पुढे काढून हवेत घुसतेय, हवा खालून आदळते, डिस्क वर चढते, वेग झपाट्याने जातो, आणि जोर मध्याच्या पुढे लागत असल्यामुळे फेड पहिल्यापासूनच सुरू. वर चढली, थांबली, डावीकडे पडली, सुरुवातीला सांगितलेलं चित्र जसंच्या तसं. यात जोर वाढवला की डिस्क फक्त अजून उंच जाते आणि अजून जोरात डावीकडे येते, अंतर जवळपास तेवढंच राहतं, म्हणून ताकदीने हा प्रश्न सुटत नाही.

नोज वर का जाते याची कारणं शरीरात तीन-चार ठिकाणी असतात. एक तर पकड. डिस्क हातात धरल्यावर तिची रेषा आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताची रेषा एकाच दिशेत पाहिजे, पण सैल पकडीत डिस्क तळहातात तिरकी बसते आणि पुढची कड आपोआप वर राहते. अंगठा वरून डिस्कवर नीट दाबलेला पाहिजे, आणि मनगट वर न वळता किंचित खाली झुकलेलं, जणू करंगळीची बाजू थोडी पुढे खाली नेताय. दुसरं कारण म्हणजे अंगाचं वजन मागच्या पायावर राहणं, लांब फेकायची म्हणून माणूस मागे झुकतो, खांदा वर जातो आणि सगळं चित्रच वरच्या दिशेला वळतं. तिसरं, डिस्क छातीपासून लांबून गोल फिरवून आणणं. ओढताना डिस्क छातीच्या जवळून, सरळ रेषेत आली पाहिजे, कोपर पुढे राहिलं पाहिजे, आणि मग शेवटच्या क्षणी हात उघडला पाहिजे. यातलं आपल्यात काय आहे ते मोबाईल बाजूला ठेवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढल्याशिवाय कळत नाही, आपल्याला जे होतंय असं वाटतं आणि जे खरोखर होतंय त्यात मोठं अंतर असतं. सेन्सर बसवलेली टेकडिस्क नावाची डिस्क मिळते, ती वेग, स्पिन, नोज अँगल सगळं आकड्यांत देते, ज्यांना जमेल त्यांनी जरूर वापरावी, पण तिच्याशिवायही डिस्कचं उडणं बघून बरंच कळतं.

ते कसं, तर थ्रोचे तीन तुकडे करून बघायचे. बहुतेक लोक डिस्क पडली कुठे ते बघतात, आणि पडली ती जागा खरं तर सगळ्यात कमी सांगते, कारण दोन पूर्ण वेगळ्या चुका डिस्कला एकाच जागी नेऊ शकतात. डावीकडे पडली, ठीक, पण ती निघालीच डावीकडे की सरळ निघून मग वळली? हे दोन वेगळे आजार आहेत.

पहिले २० मीटर सुटण्याची वेळ सांगतात. डिस्क ज्या दिशेने सोडली त्याच दिशेने ती एवढं अंतर तरी जाते, कलायला तिला अजून वेळ मिळालेला नसतो. इथेच ती उजवीकडे निघाली तर बोटांतून उशिरा सुटली, डावीकडे निघाली तर लवकर सुटली, किंवा तुमचे पाय आणि खांदे भलतीकडे वळलेले होते. याच पहिल्या भागात डिस्क थरथरतेय का तेही बघा. थरथर म्हणजे हाताचा जोर डिस्कच्या पातळीत लागला नाही, मनगटाने शेवटी काहीतरी वळवलं, किंवा पकड मध्येच ढिली झाली, आणि अशी डिस्क जास्त हवा अडवते, वेग गमावते आणि गरजेपेक्षा जास्त उजवीकडे उलटते. स्वच्छ सुटलेली डिस्क बघायला फार सुंदर दिसते, तिची कड हवेत एकच बारीक रेषा धरून जाते, आणि एकदा ती दिसली की थरथर लांबून ओळखता येते.

मधला भाग कोन आणि वेग सांगतो. डिस्क सोडताना तिची डावी कड खाली असेल तर त्याला हायझर म्हणतात, उजवी कड खाली असेल तर अॅनहायझर, दोन्ही कडा सारख्या तर फ्लॅट. फ्लॅट सोडलेली, टर्न -१ किंवा -२ असलेली डिस्क मध्यात थोडी उजवीकडे सरकायला लागली तर समजायचं की वेग पुरेसा आहे आणि नोज पण ठीक आहे. मध्यात काहीच होत नाही, टर्न येतच नाही, तर दोघांपैकी एक कमी आहे. आणि ती उजवीकडे कलली आणि परत आलीच नाही, सरळ जमिनीत गेली, तर एक तर अॅनहायझरमध्ये सुटली किंवा जोर जास्त आणि स्पिन कमी पडला. स्पिन महत्त्वाचा आहे तो यासाठी, की जेवढी डिस्क वेगात फिरते तेवढी ती आपला कोन जास्त वेळ धरून ठेवते.

शेवटचा भाग उंचीबरोबर वाचायचा. शेवटी हळूच डावीकडे येऊन घसरत थांबली तर छान, तिने वेग मार्गातच वापरला. उंचावरून काटकोनात डावीकडे कोसळली तर नोज अप. लवकरच, अजून वेगात असतानाच जमिनीला लागली तर उलट, खूप खाली फेकली, पण नवशिक्यासाठी हा दोष मला तरी जास्त आवडतो, कारण उंची वाढवणं सोपं आहे, नोज खाली आणणं अवघड.

आता मैदानात डिस्क कुठल्या न्यायच्या. पिशवीतल्या सगळ्या नेऊ नका. दहा वेगवेगळ्या डिस्क एकेकदा फेकल्या की दहा वेगळे आकार दिसतात आणि फरक डिस्कचा की हाताचा तेच कळत नाही. एकाच मॉडेलच्या तीन-चार पटर किंवा मिडरेंज, शक्यतो सारख्याच वजनाच्या आणि एकाच प्लास्टिकच्या, एवढंच पुरतं, वर एखादी टर्न -२ असलेली हळुवार ड्रायव्हर, लेपर्ड ६, ५, -२, १ तशी. वजनाबद्दल जाता जाता एक गोष्ट, पीडीजीएच्या नियमात डिस्कचं वजन व्यासाच्या प्रत्येक सेंटीमीटरला ८.३ ग्रॅमच्या वर चालत नाही, म्हणून साधारण २१ सेंमी व्यासाच्या ड्रायव्हरवर १७५ ग्रॅमच्या आसपास जास्तीत जास्त वजन दिसतं. नव्या माणसाला १६०-१६५ ग्रॅमची डिस्क हवेत ठेवणं सोपं जातं.

पटर लांब फेकायची, हे ऐकून लोकांना विचित्र वाटतं कारण पटर तर बास्केटजवळ वापरायची असते, पण सरावासाठी पटरपेक्षा चांगला शिक्षक नाही. तिची कड जाड, साधारण १ सेंमी रुंद, तिला फार वेग लागत नाही, आणि थरथर, चुकीचा कोन, नोज अप, सगळं ती लगेच दाखवते. वेगवान ड्रायव्हरची कड २ सेंमीच्या वर रुंद असते आणि तिचा फेड इतका मोठा असतो की बाकीच्या चुका त्याखाली झाकल्या जातात. पटर ५०-६० मीटर सरळ, न थरथरता जायला लागली की मिडरेंज हातात घ्या, आणि ती सरळ गेली की ड्रायव्हर.

सुरुवात जागेवर उभं राहून करायची, रन-अप नको. पाय खांद्यांएवढे लांब, लक्ष्याला उजवा खांदा, डिस्क मागे सरळ रेषेत न्यायची, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर घ्यायचं, पुढचा पाय घट्ट रोवला की कंबर वळते, मग खांदे, मग कोपर, मग मनगट, या क्रमाने, आणि शेवटी अंगाला पूर्ण फिरू द्यायचं, मध्येच थांबवायचं नाही, नाहीतर सगळा झटका खांद्यावर येतो. अनुभवी खेळाडू जागेवरूनही आपल्या पूर्ण अंतराचा मोठा भाग गाठतात, रन-अप फक्त वरची भर घालतो, आणि जागेवर जी चूक होतेय ती रन-अपमध्ये दुप्पट होते. जागेवरचा थ्रो बसला की एक पाऊल घालून फेका, मग एक्स-स्टेप म्हणजे मागचा पाय पुढच्या पायाच्या मागून ओलांडून टाकायची चाल, ती पण हळू, चालण्याच्या वेगाने. पूर्ण वेगाचा रन-अप सगळ्यात शेवटी.

नोज खाली आणायचा एक सराव मला सगळ्यात जास्त पटतो आणि तो म्हणजे बुटका थ्रो. पटर घ्या, साधारण ४० मीटरवर काहीतरी खूण ठेवा, आणि डिस्क पूर्ण मार्गात तुमच्या डोक्याच्या वर जाऊ द्यायची नाही. जोर अर्धाच. नोज जरा जरी वर असली तरी डिस्क चढतेच, म्हणजे चूक लपायला जागाच नाही, आणि ती डोक्याच्या खाली राहून ४० मीटर गेली तर मनगट, पकड, वजन, सगळं जुळलंय. हे जमलं की उंची हळूहळू वाढवा, पण मनगटाने डिस्क वर करून नाही, खांद्यांची पूर्ण पातळी थोडी कलवून, म्हणजे मार्गही वर जातो आणि डिस्कही त्याच्याबरोबर, नोज अँगल तसाच राहतो.

दुसरा सराव कोनांचा. तीच डिस्क, तोच जोर, फक्त कोन बदलायचा, आधी हायझर, मग फ्लॅट, मग अॅनहायझर, आणि प्रत्येक वेळी ती हवेत काय करते ते शांतपणे बघायचं. इथे कोन हाताने नाही, कंबरेतून वाकून बदलायचा, हायझरला पुढे वाकायचं, अॅनहायझरला थोडं मागे. टर्न असलेली डिस्क हायझरमध्ये सोडली आणि वेग पुरेसा असला तर ती हवेत स्वतः उचलून सपाट होते आणि मग सरळ धावत सुटते, त्याला हायझर फ्लिप म्हणतात, आणि पहिल्यांदा तो स्वतःच्या हातून झालेला बघितला की या खेळाचं वेड का लागतं ते कळतं.

मैदान निवडताना फार डोकं लावायची गरज नाही, पण लांबी तुमच्या सगळ्यात लांब थ्रोच्या दीडपट तरी असावी आणि दोन्ही बाजूंना ३०-३० मीटर मोकळं असावं. गवत कापलेलं असलं की डिस्क सापडते, भडक रंगाची डिस्क घ्या, हिरवी आणि तपकिरी घरी ठेवा. माणसं, मुलं, कुत्री कोणीही समोर किंवा बाजूला असेल तर थांबायचं, इथे तडजोड नाही, १७० ग्रॅमची धारदार कडेची डिस्क डोक्याला लागली तर गंभीर इजा होते, आणि उजवीकडे उलटलेली डिस्क तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार लांब भटकते.

दोन टोकांवरून फेका. एका टोकाकडून सगळ्या डिस्क फेकायच्या, चालत जाऊन गोळा करायच्या, तिथूनच परत फेकायच्या. चालणं वाचतं हा फायदा आहेच, पण खरा फायदा वाऱ्याचा आहे, एकदा वारा समोरून मिळतो, एकदा मागून. डिस्कला जमिनीवरचा वेग माहीत नसतो, हवेच्या तुलनेतला वेगच कळतो. ताशी ८० किमीने फेकलेली डिस्क समोरून ताशी २० किमी वारा असेल तर ताशी १०० किमीने उडतेय असं वागते, म्हणजे टर्न वाढतो, सरळ जाणारी डिस्क उजवीकडे उलटते, आणि नोज जरा वर असली की वारा तिला आकाशात उचलून मागे टाकतो. मागून तोच वारा असेल तर तीच डिस्क ताशी ६० किमीने उडतेय असं वागते, टर्न येत नाही, फेड लवकर येतो, उचल कमी होते. म्हणून समोरच्या वाऱ्यात जास्त फेडवाली, म्हणजे ओव्हरस्टेबल डिस्क आणि बुटका थ्रो, मागच्या वाऱ्यात टर्नवाली, अंडरस्टेबल डिस्क आणि थोडी जास्त उंची.

बाजूचा वारा जरा नाजूक आहे. हायझरमध्ये डिस्कची डावी कड खाली असते, म्हणजे तिचं पोट उजवीकडे दिसतं. वारा उजवीकडून आला तर तो पोटावर लागतो, डिस्कला उचलतो आणि डावीकडे लांब नेतो. वारा डावीकडून आला तर तो पाठीवर लागतो आणि डिस्कला खाली दाबतो, थ्रो अचानक आखूड होतो. हे नुसतं वाचून लक्षात राहत नाही, वाऱ्याच्या दिवशी मुद्दाम मैदानात जाऊन आडवं फेकून बघा, चार-पाच थ्रोमध्ये डोक्यात बसतं. बरेच जण वारा असला की सराव रद्द करतात, मला वाटतं त्याच दिवशी जास्त शिकायला मिळतं.

वाऱ्यामुळेच अंतराच्या आकड्यांकडे जपून बघायचं. २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांनी नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटर डिस्क फेकली, तो आकडा थक्क करणाराच आहे, पण अशा विक्रमांसाठी मागून जोरदार वारा असलेली जागा शोधूनच फेकतात. शांत हवेत साधारण अंदाज असा की ताशी ८० किमीने स्वच्छ सुटलेला ड्रायव्हर १०० मीटरच्या आसपास जातो. स्वतःचं अंतर मोजायला टेपने २० मीटर आखून त्यात आपली किती पावलं बसतात ते एकदा बघून ठेवा, मग पावलांनी मोजता येतं. आणि वहीत सगळ्यात लांब थ्रो लिहू नका, मधला लिहा. पाच फेकल्या तर अंतराच्या क्रमाने तिसरी कुठे पडली, तेच तुमचं खरं अंतर, कोर्सवर तेच मिळणार आहे. त्याच्या शेजारी डावी-उजवी पसरण लिहा, किती रुंदीत पडल्या. पसरण १५ मीटरवरून ८ मीटरवर आली तर ती प्रगती १० मीटर जास्त अंतरापेक्षा कितीतरी मोठी आहे.

फोरहँडबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतंत्र विषय आहे. तळहात वर, दोन बोटं कडेच्या आत, कोपर अंगाजवळ, आणि सगळा झटका मनगटाचा. फेड उजवीकडे येतो. तो शिकावाच, पण कोपराला त्याचा त्रास लवकर होतो, म्हणून अर्ध्या जोराने आणि थोडेच थ्रो.

आणि जवळचे थ्रो विसरू नका. मोठे थ्रो फेकायला मजा येते म्हणून सगळा वेळ त्यातच जातो, पण राउंडमध्ये ३० ते ५० मीटरवरून बास्केटजवळ डिस्क ठेवायची वेळ जवळजवळ प्रत्येक होलला येते. टॉवेल जमिनीवर पसरा, वेगवेगळ्या अंतरांवरून पटर फेका, आणि टॉवेलपासून १० मीटरच्या आत किती पडल्या ते मोजा. १० मीटर यासाठी, की नियमात बास्केटभोवतीचं १० मीटरचं वर्तुळ वेगळं धरलेलं आहे, त्याच्या आतून पट करताना, म्हणजे डिस्क बास्केटमध्ये टाकताना, डिस्क सुटल्यावर तोल सांभाळून दाखवावा लागतो, पुढे पाऊल टाकून जाता येत नाही. त्या वर्तुळात डिस्क आणून ठेवणं म्हणजे पुढचा थ्रो आवाक्यात आणणं.

सुरू करण्याआधी खांदे, पाठ, कंबर गरम करून घ्या, पहिले थ्रो अर्ध्या जोरानेच. पूर्ण जोराचे थ्रो एका सत्रात मर्यादित ठेवा आणि मध्ये हलके थ्रो टाका. दमलेला हात कधी ओळखायचा तर डिस्ककडेच बघून, आधी स्वच्छ जाणारी डिस्क थरथरायला लागते, उशिरा सुटून उजवीकडे निघते, नोज परत वर यायला लागते. तेव्हा जास्त जोर लावून दुरुस्त करायला जाऊ नका, त्याने चुकीची हालचालच अंगात बसते. मोठ्या डिस्क पिशवीत टाका, टॉवेल काढा, ३० मीटरवरून थोडे सोपे थ्रो करा, आणि कोपर किंवा खांदा दुखत असेल तर तेही नको, सरळ डिस्क गोळा करा आणि दोन दिवस हात पूर्ण मोकळा ठेवा.